न्यू साउथ वेल्समध्ये अल्कोहोल इंटरलॉकचा आदेश झाल्यास काय करावे

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या चालकाला परवाना परत हवा असेल, तर बहुतेक प्रकरणांत आधी काही महिने गाडीपासून पूर्ण दूर राहावे लागते आणि त्यानंतर एक, दोन किंवा चार वर्षे अल्कोहोल इंटरलॉक बसवलेलीच गाडी चालवावी लागते. इंटरलॉक म्हणजे गाडीच्या इग्निशनला जोडलेले श्वासचाचणीचे यंत्र होय. त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि श्वासात अल्कोहोल आढळले तर फुंकूनही सुरू होत नाही. ही सक्ती १ फेब्रुवारी २०१५ पासून गंभीर गुन्ह्यांसाठी आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांसाठी आली. ३ डिसेंबर २०१८ पासून रक्तातील अल्कोहोलच्या मध्यम पातळीत पहिल्यांदाच सापडलेल्यांनाही ती लागू झाली.

हे मार्गदर्शन सिडनी, न्यूकॅसल, वलोंगाँग आणि आसपासच्या मराठी कुटुंबांसाठी लिहिले आहे. असा प्रसंग ओढवला की आपल्याकडे पहिला विचार ‘चार लोकांत कळता कामा नये’ हाच येतो. त्यामुळे वकिलाला दाखवण्याआधीच कागद कपाटात जातात, तारखा चुकतात आणि ओळखीतल्या कोणीतरी फोनवर दिलेला अर्धवट सल्ला प्रमाण मानला जातो. लाज वाटणे स्वाभाविक आहे आणि वाटायलाही हवी, कारण त्या रात्री समोरून येणाऱ्या कोणाचाही जीव गेला असता. परंतु गुन्ह्याची शिक्षा कायद्याने ठरलेली असते; तिच्यात पुढे जी भर पडते ती बहुधा दिरंगाईने आणि गैरसमजाने पडते, आणि ती टाळणे आपल्या हातात असते. हे लेखन वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही. वकिलाकडे जाताना काय विचारायचे आणि तेथून परतल्यावर काय करायचे, हे कळावे एवढाच त्याचा उद्देश आहे.

गुन्ह्याची पातळी आणि इंटरलॉकचा काळ

आरोपाच्या कागदावर कोणती पातळी लिहिली आहे ते सर्वांत आधी पाहावे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून असते. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे किती ग्रॅम अल्कोहोल आहे, या मापाने ०.०५ पासून ०.०८ च्या आतले प्रमाण खालच्या पातळीत, ०.०८ पासून ०.१५ च्या आतले मध्यम पातळीत आणि ०.१५ किंवा त्याहून अधिक असेल तर ते उच्च पातळीत मोडते. एल (शिकाऊ) आणि पी (सुरुवातीचा, मर्यादित परवाना) पाटीच्या चालकांना शून्याची मर्यादा आहे. टॅक्सी, उबर, बस अशी भाड्याची प्रवासी वाहने चालवणाऱ्यांना ०.०२ च्या खाली राहावे लागते. (भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ आहे, पण दोषी चालकाच्या गाडीत इंटरलॉक बसवण्याची सक्ती तेथे नाही. म्हणूनच नव्याने आलेल्या आपल्या लोकांना हा आदेश अगदी अपरिचित वाटतो.)

खालच्या पातळीत पहिल्यांदा सापडलेल्या चालकाला २० मे २०१९ पासून साधारणतः दंड आणि ३ महिन्यांचे निलंबन होते. इंटरलॉक लागत नाही. मध्यम पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात ३ ते ६ महिने परवान्यासाठी अपात्रता आणि त्यानंतर किमान १२ महिने इंटरलॉक असतो. उच्च पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात ६ ते ९ महिने अपात्रता आणि किमान २४ महिने इंटरलॉक असतो. मागील ५ वर्षांत असाच गुन्हा झालेला असेल तर आताचा गुन्हा दुसरा धरला जातो. मध्यम पातळीचा दुसरा गुन्हा असेल तर ६ ते ९ महिने अपात्रता आणि २४ महिने इंटरलॉक, उच्च पातळीचा दुसरा असेल तर ९ ते १२ महिने अपात्रता आणि ४८ महिने इंटरलॉक, असा हिशेब आहे. खालच्या पातळीचा किंवा एल-पी चालकाचा गुन्हाही दुसऱ्यांदा घडला की १ ते ३ महिने अपात्रता आणि १२ महिने इंटरलॉक लागतो. श्वासचाचणीला नकार दिला म्हणजे पुरावा राहत नाही, असा एक समज काही घरांत आहे. पुराव्यासाठी घेतल्या जाणाऱ्या श्वासविश्लेषणाला दिलेला नकार कायदा उच्च पातळीच्या गुन्ह्याच्या बरोबरीने वागवतो.

न्यायालयात उभे राहण्यापूर्वी

मध्यम आणि उच्च पातळीच्या प्रकरणांत पोलीस बहुधा त्याच वेळी परवाना निलंबित करतात. त्या क्षणापासून दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी नेता येत नाही. भारतीय परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना खिशात असला तरी त्याने काही साधत नाही, कारण न्यू साउथ वेल्सच्या रस्त्यावर गाडी चालवण्याचा अधिकारच काढून घेतलेला असतो. या निलंबनाचा काळ पुढे अपात्रता ठरवताना न्यायालय विचारात घेते, म्हणून निलंबनाची नोटीस जपून ठेवावी आणि सुनावणीला सोबत न्यावी.

सुनावणी लोकल कोर्टात मॅजिस्ट्रेटसमोर होते. मध्यम पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात कमाल दंड २,२०० डॉलर आणि कमाल कारावास ९ महिने, तर उच्च पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात ३,३०० डॉलर आणि १८ महिने अशी तरतूद आहे. त्यामुळे ‘ट्रॅफिकचा तर मामला आहे, स्वतःच बोलून येतो’ असे म्हणून एकट्याने जाणे मला धोक्याचे वाटते. खासगी वकील परवडत नसेल तर लीगल एड एनएसडब्ल्यू या सरकारी विधिसाहाय्य संस्थेचे ड्यूटी वकील न्यायालयातच भेटतात, आणि लॉ ॲक्सेस या कायदेविषयक माहिती सेवेच्या १३०० ८८८ ५२९ या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. इंग्रजीत न्यायालयीन प्रश्नोत्तरे जड जात असतील तर दुभाषा हवा असे न्यायालयाला आधीच कळवावे. मुलाला किंवा पुतण्याला दुभाषा म्हणून उभे करू नये. त्याने त्या मुलाचीही कुचंबणा होते आणि भाषांतरात चूक झाली तर ती निस्तरणे अवघड असते.

शिक्षेपूर्वी ट्रॅफिक ऑफेंडर इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा वर्ग स्वेच्छेने करता येतो. वकिलाशी बोलून तो जरूर करावा. तो केल्याने इंटरलॉक टळत नाही, पण शिक्षा ठरवताना न्यायालय त्याची दखल घेऊ शकते. तेथे अपघातात माणसे गमावलेल्यांचे आणि अपघातस्थळी धावून जाणाऱ्यांचे अनुभव ऐकायला मिळतात, आणि मला तो भाग दाखल्याहून अधिक मोलाचा वाटतो.

सूट मिळण्याची शक्यता किती

इंटरलॉकमधून सूट देणारा आदेश न्यायालय देऊ शकते, पण त्याची कारणे मोजकी आहेत. इंटरलॉक बसवण्याजोगी कोणतीही गाडी उपलब्ध नसणे हे एक कारण आहे. वैद्यकीय कारणाने पुरेसा श्वास फुंकता न येणे आणि त्या मर्यादेनुसार यंत्रात बदलही करता न येणे हे दुसरे. मध्यम पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात यांच्या जोडीला तिसरे कारण मांडता येते: आदेशामुळे अतिशय गंभीर स्वरूपाची अडचण उभी राहील, हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. खर्च परवडत नाही, नोकरीत कंपनीची गाडी चालवावी लागते किंवा गाडी ज्याच्या नावावर आहे तो यंत्र बसवू देत नाही, यांपैकी केवळ एखाद्या कारणावर सूट मिळत नाही, असे कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे. नेमकी हीच तीन कारणे बहुतेकांच्या मनात सर्वांत आधी येतात, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहेत.

सूट मिळाली म्हणजे सुटका झाली, असेही समजू नये. सूट मिळालेल्या चालकाला नेहमीची, अधिक लांबीची अपात्रता लागते. मध्यम पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात ती आपोआप १२ महिने होते आणि न्यायालयाने कमी केली तरी किमान ६ महिने राहते. उच्च पातळीच्या पहिल्या गुन्ह्यात आपोआप ३ वर्षे आणि किमान १२ महिने. ज्याला आदेश झाला आहे पण जो इंटरलॉक घेतच नाही, त्याला दोषी ठरल्याच्या दिवसापासून ५ वर्षे सामान्य परवाना मिळत नाही. काही जण ‘बसने, ट्रेनने जाऊ, पैसे वाचवू’ म्हणून हा मार्ग स्वीकारतात. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्या, गाडीची गरज नसलेल्या व्यक्तीला तो जमूही शकेल, परंतु ५ वर्षांत घर बदलते, मूल होते, भारतातून आई-वडील येतात, आणि मग एखाद्या रात्री घाईत विनापरवाना गाडी काढली जाते. हा निर्णय आजच्या गरजेवरून घेऊ नये.

परवान्यापर्यंतची वाट

अपात्रतेचा काळ संपला म्हणजे परवाना आपोआप परत मिळाला, असे नव्हे. तो काळ संपल्यानंतरही इंटरलॉक परवाना हातात पडेपर्यंत तुम्ही परवाना नसलेले चालक असता. इंटरलॉकचे १२ किंवा २४ महिने मोजायला सुरुवात होते तीही तो परवाना मिळाल्या दिवसापासून. म्हणून अपात्रता संपण्याची वाट पाहत स्वस्थ न बसता शेवटच्या काही आठवड्यांत सगळी तयारी करून ठेवावी.

तयारीतला पहिला टप्पा डॉक्टरांचा आहे. आपल्या जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरांकडे) जाऊन ‘ड्रिंकलेस’ या कार्यक्रमाखालील भेट मागावी आणि भेटीनंतर मिळणारे प्रमाणपत्र जपून ठेवावे. या भेटीत जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या १० प्रश्नांच्या प्रश्नावलीच्या आधाराने तुमच्या पिण्याच्या सवयीबद्दल विचारले जाते. या प्रश्नावलीत ४० पैकी गुण मिळतात आणि ८ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे मानले जाते. ही उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होण्याची परीक्षा नाही. तेव्हा ‘सणासुदीला एखादा पेग’ असे घोकलेले उत्तर देऊन स्वतःचीच फसवणूक करू नये. डॉक्टर मराठी असतील आणि गणपतीच्या कार्यक्रमात भेटणारे असतील तर संकोच वाटणे साहजिक आहे. त्यांच्यावर गोपनीयतेचे बंधन असतेच, पण मोकळेपणाने बोलता येणार नसेल तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. रोज पिण्याची सवय असेल आणि न प्यायल्यास हात थरथरणे, घाम येणे, झोप न लागणे असे होत असेल, तर एकदम बंद करणे जिवावर बेतू शकते. ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. राज्याच्या अल्कोहोल आणि ड्रग माहिती सेवेशी १८०० २५० ०१५ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

दुसरा टप्पा यंत्र बसवण्याचा. शासनाने मान्यता दिलेल्या इंटरलॉक पुरवठादारांपैकी एकाशी भाडेकरार करावा लागतो. यंत्र बसवणे, भाडे, ठरावीक मुदतीची तपासणी आणि शेवटी काढणे हे सारे मिळून वर्षाला साधारण २,२०० डॉलर खर्च येतो, म्हणजे २४ महिन्यांच्या आदेशाला साडेचार हजार डॉलरच्या आसपास रक्कम बाजूला काढावी लागते. एकाहून अधिक पुरवठादारांकडून लेखी दर मागवावेत आणि केवळ महिन्याचे भाडे न पाहता तपासणीचे शुल्क, यंत्र अडून बसल्यास ते उघडण्याचे शुल्क, करार मुदतीआधी संपवल्यास काय भरावे लागेल आणि तुमच्या उपनगराजवळ त्यांचे केंद्र आहे का, हेही विचारावे. कन्सेशन कार्ड असेल तर भाड्यात सवलत मिळते. ती आपण होऊन मागावी.

गाडी कोणती निवडायची हा निर्णय घरातल्यांबरोबर बसून घ्यावा. गाडी पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांची संमती लागते. कर्जावर किंवा लीजवर असेल तर त्या कंपनीलाही विचारावे लागते. यंत्र बसवायला नेताना गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवायची आहे, हे विसरू नये. परवाना नसताना स्वतः गाडी घेऊन केंद्रावर जाणारे आणि नवा गुन्हा ओढवून घेणारे लोक खरोखर असतात. काही पुरवठादार घरी येऊनही यंत्र बसवतात.

त्यानंतर यंत्र बसवल्याचा दाखला, ड्रिंकलेसचे प्रमाणपत्र, ओळखीची कागदपत्रे आणि ट्रान्सपोर्ट फॉर एनएसडब्ल्यू या राज्याच्या परिवहन खात्याकडून आलेले पत्र घेऊन सर्व्हिस एनएसडब्ल्यूच्या सरकारी सेवा केंद्रात जावे आणि इंटरलॉक परवाना काढावा. पत्रात आणखी काही पूर्तता सांगितली असेल तर ती आधीच करून घ्यावी. या परवान्यावर दोन बंधने असतात: इंटरलॉक बसवलेलीच गाडी चालवायची आणि रक्तातील अल्कोहोल शून्य ठेवायचे. घरात एल पाटीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २५ वर्षांखालील शिकाऊ चालकाला १२० तासांचा सराव नोंदवावा लागतो आणि शेजारी बसणाऱ्याकडे निर्बंध नसलेला पूर्ण परवाना हवा असतो; त्यामुळे इंटरलॉकच्या काळात ही जबाबदारी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी लागते.

रोजच्या वापरातील काळजी

या यंत्राच्या बहुतेक प्रकारांत इंधनघट (फ्युएल सेल) वापरलेला असतो. त्यातील प्लॅटिनमच्या विद्युतध्रुवावर श्वासातील अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होऊन विजेचा बारीक प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून प्रमाण काढले जाते. यंत्राला कॅमेरा असतो, त्यामुळे फुंकणाऱ्याचे छायाचित्रही नोंदवले जाते. दुसऱ्याकडून फुंकवून घेणे किंवा यंत्रात फेरफार करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. प्रत्येक फुंक, प्रत्येक नापास चाचणी आणि चुकवलेली प्रत्येक चाचणी यंत्राच्या स्मृतीत राहते, तपासणीच्या वेळी ती उतरवून घेतली जाते आणि तुमच्या पुढच्या परवान्याचा विचार याच नोंदीवरून होतो. म्हणून इंटरलॉकचा काळ नीट पार पाडणे म्हणजे ही नोंद स्वच्छ ठेवणे, असे मी समजतो.

आता ती नोंद न पिताही कशी बिघडते ते पाहू, कारण मराठी घरांत याची कारणे थोडी वेगळी आहेत. भारतातून येणारी आई सोबत द्राक्षासव, दशमूलारिष्ट किंवा कुमारी आसवाची बाटली आणते. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असते. दोन चमचे आसवाने नशा येत नाही, परंतु ते घेऊन लगेच फुंकले तर तोंडात राहिलेल्या अंशामुळे यंत्र चाचणी नापास ठरवते. होमिओपॅथीची अर्कस्वरूप औषधे, खोकल्याची काही सिरप, माउथवॉश, कोम्बुचा, ‘बिनअल्कोहोल’ म्हणून विकली जाणारी पण ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असू शकणारी बिअर, ख्रिसमसचा रम घातलेला केक यांचेही तसेच होते. यीस्टचा ताजा पाव किंवा अति पिकलेले फळ खाल्ल्यावरही क्वचित क्षणभर आकडा दिसू शकतो. हाताला सॅनिटायझर लावून लगेच यंत्र तोंडाशी नेले तर त्याची वाफही पकडली जाते. तोंडातला हा अंश साधारण १५ मिनिटांत निघून जातो. तेव्हा खाल्ल्यावर किंवा औषध घेतल्यावर पाण्याने चूळ भरून पंधरा मिनिटे थांबणे आणि मगच फुंकणे, ही सवय पहिल्याच आठवड्यात अंगी बाणवावी. आसवांसाठी मात्र माझा सल्ला अधिक कडक आहे: इंटरलॉकच्या काळात ती घेऊच नयेत, आणि वैद्यांकडून चूर्ण किंवा वटीच्या रूपातला पर्याय मागून घ्यावा.

उपवासामुळे यंत्र चुकीचा आकडा दाखवते, अशी सबब कधीकधी ऐकू येते. उपवासात श्वासात ॲसिटोन येतो हे खरे आहे, पण इंधनघट ॲसिटोनला प्रतिसाद देत नाही. त्यामुळे एकादशीचे कारण पुढे करून नापास चाचणीचे समर्थन होत नाही.

खरी अडचण उभी राहते ती सकाळी. ऑस्ट्रेलियात एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग जवळजवळ दोन ड्रिंक भरतो, आणि नेहमीच्या ताकदीच्या बिअरची ३७५ मिलिलिटरची एक बाटली सुमारे १.४ भरते. शरीर रक्तातील अल्कोहोल तासाला सरासरी ०.०१५ एवढ्याच वेगाने कमी करते, आणि हा वेगही माणसागणिक बदलतो. मध्यरात्री १२ वाजता प्रमाण ०.१२ असेल तर सकाळी ६ वाजता ते ०.०३ च्या आसपास असते आणि शून्यावर यायला ८ वाजतात. चांगली झोप झालेली असते, अंघोळ झालेली असते, डोके स्वच्छ वाटते, आणि तरीही गाडी सुरू होत नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. इंटरलॉकच्या पूर्ण काळात दारू अजिबात न पिणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त मार्ग आहे. जे तसे करणार नाहीत त्यांनी निदान पिण्याच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीला हात लावू नये.

गाडी सुरू झाल्यावरही प्रवासात यंत्र अधूनमधून पुन्हा फुंकायला सांगते. त्या वेळी घाबरून रस्त्याच्या मधोमध थांबू नये. चाचणीसाठी काही मिनिटांची मुदत असते. सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि शांतपणे फुंकावे. चाचणी नापास झाली तरी यंत्र चालती गाडी बंद पाडत नाही, परंतु नोंद होते आणि इशारा सुरू होतो. पेट्रोल भरायला किंवा मुलांना शाळेत सोडायला उतरताना गाडी चालू ठेवून जाऊ नये, कारण नेमक्या त्याच वेळी चाचणी मागितली गेली तर ती चुकलेली चाचणी म्हणून नोंदली जाते.

गाडी पत्नी, आई किंवा मुलगा चालवणार असतील तर त्यांनाही फुंकावे लागते, आणि यंत्र बसवतानाच त्यांनी त्याचा सराव करून घ्यावा. दमा असलेल्या किंवा वयस्कर माणसांना पुरेसा जोरात आणि पुरेसा वेळ फुंकणे सुरुवातीला जड जाते. त्यांनी दारू प्यायल्यावर गाडी काढायचा प्रयत्न केला तर ती नोंदही तुमच्याच यंत्रात होते. कॅमेऱ्यामुळे खरे काय ते दाखवता येते, तरी स्पष्टीकरण देण्याची वेळ येऊच देऊ नये. मनाविरुद्ध नापास झालेल्या प्रत्येक चाचणीची तारीख, वेळ, त्याआधी काय खाल्ले किंवा घेतले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकल्यावर काय आले, हे एका वहीत लिहून ठेवावे. पुनर्चाचणीत शून्य आले असेल तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलते. कंटाळून गाडी तशीच सोडून दिली तर केवळ नापास चाचणी मागे राहते.

तपासणीच्या तारखा फोनमध्ये आठवडाभर आधीच्या आठवणीसह टाकाव्यात. तारीख चुकली तर यंत्र गाडी अडवून धरते आणि ती टो करून केंद्रावर न्यावी लागू शकते. भारतात जायचे असेल, गाडी गॅरेजमध्ये द्यायची असेल किंवा बॅटरी बदलायची असेल तर पुरवठादाराला आधी कळवावे, कारण वीज तुटल्याचीही नोंद होते.

नोकरी, विमा आणि व्हिसा

कामाच्या गाडीलाही हेच बंधन लागू आहे, त्यामुळे नोकरीत गाडी चालवावी लागत असेल तर मालकाला सांगण्यावाचून गत्यंतर नाही. विमा कंपनीने विचारले असता दोषी ठरल्याचे आणि अपात्रतेचे लपवू नये. लपवल्यास पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी, तसेच कायम वास्तव्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्यांनी स्थलांतराचे काम पाहणाऱ्या वकिलाशी बोलावे. १२ महिने किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाल्यास स्थलांतर कायद्याखाली चारित्र्याचा गंभीर प्रश्न उभा राहतो; त्याहून सौम्य शिक्षेतही अर्जातील प्रश्नांना खरी उत्तरे द्यावी लागतात, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा खोटे उत्तर अधिक महागात पडते.

मेलबर्नच्या नातेवाइकांच्या अनुभवावरून येथील नियम ठरवू नयेत. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात ३० एप्रिल २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात, अगदी ०.०५ च्या पहिल्या गुन्ह्यातही, किमान ६ महिने इंटरलॉक लागतो, आणि तो काढण्याची पद्धतही निराळी आहे. न्यू साउथ वेल्सचा इंटरलॉक परवाना घेऊन तेथे गेलात तरी इंटरलॉक नसलेली नातेवाइकांची गाडी चालवता येत नाही.

यंत्र काढण्याची वेळ

ठरलेला काळ हा किमान काळ असतो. शेवटच्या सहा महिन्यांतील नोंदीला विशेष महत्त्व असते. त्या काळात अल्कोहोलसह गाडी सुरू करण्याचे प्रयत्न दिसले तर वैद्यकीय तपासणी मागितली जाऊ शकते आणि काळ वाढूही शकतो. म्हणून अखेरचा टप्पा आला की सैल न पडता पूर्वीइतकीच काळजी घ्यावी. काळ संपल्यावर आधी सर्व्हिस एनएसडब्ल्यूकडे जाऊन बिनशर्त परवान्यासाठी अर्ज करावा, परवाना हातात घ्यावा, आणि मगच पुरवठादाराकडे यंत्र काढण्याची वेळ ठरवावी. यंत्र आधी काढले आणि परवाना अजून इंटरलॉकचाच असला, तर केंद्राच्या दारात उभी असलेली स्वतःची गाडी घरी न्यायलाही दुसऱ्या कोणाला तरी बोलवावे लागते.